डावीकडची सीट

१

रेहोबोथ या वाळवंटाकडच्या गावात हिवाळ्यात सकाळी नळ उघडला की आधी नुसती हवा फुसफुसते आणि मग पाणी येतं. दोर्का किटली धरून त्या पाण्याची वाट बघत उभी असायची, तेवढ्यात मागच्या पत्र्याच्या शेडमधून तिच्या नवऱ्याची हाक यायची, "तेरा!"

किटली तशीच ठेवून ती जायची. बारेंद गाडीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत गडप झालेला असायचा. एक हात तेवढा मागे, तळवा वर. दोर्का भिंतीवरच्या खिळ्याला लावलेला तेरा नंबरचा पाना काढायची आणि त्याच्या तळव्यावर ठेवायची.

"बारा दिलास."

"तेराच आहे, म्हाताऱ्या. बोटं गारठलीत तुझी."

"मग फुंकर घाल की."

"किटलीवर घालते. निदान कॉफी तरी मिळेल."

हे आता रोजचंच झालं होतं. बारेंदला काचबिंदू होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग त्या कडा आत आत सरकत आल्या. पाण्याच्या पाइपातून बघितल्यासारखं दिसतं, असं तो म्हणायचा. राजधानी विंडहुकच्या डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नव्हतं. आहे तेवढी नजर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहील असं धरून चालू नका, म्हणाल्या होत्या.

म्हणून तर गाडीची एवढी घाई. तरुणपणी बारेंद देशाच्या पार वायव्येला, रस्ते खरवडून सपाट करणारं यंत्र चालवायचा. तिथल्या एका दरीबद्दल दोर्का लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. पहाटे समुद्राकडून धुकं येतं, दरी काठोकाठ भरते, आणि ऊन चढलं की त्यातून एकेक डोंगर वर येतो. "एकदा तुला नेऊन दाखवायचीय," तो म्हणायचा. मग मुलं झाली, शाळेच्या वसतिगृहात दोर्काची स्वयंपाकाची नोकरी लागली, आणि ते राहून गेलं. आता डोळे होते तोवर जायचं होतं. पुढचा हिवाळा त्यांच्या हातात नव्हता.

गाडी बारेंदच्या वडिलांची, जुनी लँडरोव्हर. घरामागच्या काटेरी झाडाखाली ती वर्षानुवर्षं उभी होती. चासी चांगली, इंजिन उघडून साफ केल्यावर तेही चांगलं निघालं. पुढची केबिन मात्र गंजून चाळणी झाली होती. ती भंगारवाल्या फ्लिपच्या आवारात अखंड मिळाली: काचेची चौकट, दोन्ही दारं, पुढच्या तीन सीटांचे सांगाडे, सगळं. वाळवंटातून आणलेली, त्यामुळे गंजाचा ठिपका नाही.

"नशीब आपलं," बारेंद म्हणाला होता आणि पत्र्यावरून हात फिरवत राहिला होता, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.

२

केबिन बसवल्यानंतरची ही गोष्ट.

दोर्का स्वयंपाकघरात पावाचं पीठ मळत होती. खिडकीतून शेड समोरच दिसायची. आतून हाक आली, "दहा!"

"आले, आले," ती म्हणाली, पण काच बंद होती. कोपरापर्यंत हात पिठात. तिनं फडक्याला हात पुसायला सुरुवात केली आणि सहज वर बघितलं. बारेंद वाकलेला होता, हात नेहमीसारखा मागे, उघडा.

मग तो हात मिटला.

मिटण्याआधी मनगट जरासं खाली गेलं. वजनदार काहीतरी हातात ठेवलं की जातं, तेवढंच.

"मेहेरबानी बाईसाहेब," बारेंद चेष्टेनं म्हणाला आणि हात आत ओढून घेतला. पाना नटावर बसल्याचा आवाज दोर्काला काचेतूनही ऐकू आला.

ती फडकं धरून उभी राहिली. मडगार्ड जवळच होतं. त्यावर पाने पडलेले असतात. जन्म गेला त्याचा गाड्यांमध्ये, त्याला काय बघावं लागतं? तिनं स्वतःला असं समजावलं आणि पुन्हा पिठात हात घातले. पीठ तेवढ्यात कडेला सुकलं होतं.

जेवताना बारेंदनं पावाचा तुकडा रश्शात बुडवला. वाडग्याची कड तो आधी अंगठ्यानं चाचपून घ्यायचा.

"आज रुसली होतीस का गं?"

"मी? कशानं?"

"मला काय माहीत. एकेक पाना नुसता हातात देत होतीस, तोंडातून शब्द नाही. मी तुझ्या आईवरून बोललो, तरी गप्प."

"आईवरून काय बोललास?"

"ऐकलंच नाहीस तर बरंय," तो हसला.

मी शेडमध्ये आलेच नव्हते, हे वाक्य दोर्काच्या ओठांपर्यंत आलं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की उजेड कमी झाला की मेंदू आपल्या साठ्यातून काहीबाही भरत राहतो. माणसं दिसतात, असल्यासारखी वाटतात. वेड नव्हे ते, उगाच घाबरवू नका.

"दमले होते," दोर्का म्हणाली आणि त्याला अजून रस्सा वाढला.

३

पाण्याची टाकी मागच्या चाकाच्या वर बसवली. वाळवंटात जायची गाडी असेल तर टाकी आधी भरून ठेवायची, खाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि वाट बघायची, अशी तिकडची पद्धत. कागदावर एक थेंब जरी दिसला तरी सगळे जोड उकलून पुन्हा बांधायचे. पाण्याच्या बाबतीत तिथे कुणी चालढकल करत नाही.

कागद कोरडा राहिला. पण टाकीच्या बाजूला पातळी दाखवणारी काचेची नळी होती, आणि तिच्यातलं पाणी रोज सकाळी थोडं उतरलेलं असायचं. फार नाही. मगभर असेल नसेल. घसा ओला करण्यापुरतं.

बारेंदनं वायसर बदलले. मग नळाची तोटी बदलली. दोर्कानं जोडांवर पीठ भुरभुरवून बघितलं, ओल आली असती तर लगेच कळली असती. पीठ उन्हात तसंच पांढरं राहिलं.

"हवा पीत असेल," बारेंद म्हणाला.

"हवेला एवढी तहान?"

"इथल्या हवेला असते बाई."

त्याच सुमाराला दोर्कानं पुढच्या सीटांना नवीन गाद्या केल्या. जाड कॅनव्हास, दुहेरी शिलाई, आत नवाकोरा फोम. मधली गादी आणि स्टिअरिंगची गादी टरटरीत राहिल्या. डावीकडची मात्र दुसऱ्या दिवशीच बसली. दोर्कानं तळव्यानं थोपटून ती सारखी केली. दुपारी पाहिलं तर पुन्हा खोलगा. बराच वेळ बसून कुणी उठल्यावर पडतो ना, तसा. पण कुणी उठून गेलं की खोलगा हळूहळू भरून येतो. हा भरून येत नव्हता.

फोम खराब निघाला, तिनं ठरवलं. उसवून दुसरा घातला.

आणि ती काच. धूळ येऊ नये म्हणून दोर्का सकाळी दोन्ही दारांच्या काचा वर करायची. दुपारचं ऊन पत्र्यावर तापलं की डावीकडची काच दोन बोटं खाली आलेली असायची. पूर्ण नाही. उन्हात गाडीमध्ये कुणाला बसवून ठेवताना आपण ठेवतो तेवढीच. एकदा ती दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि शेडमधून कुरकुर ऐकू आली, काच खाली करायचा दांडा फिरतो तशी. बारेंद तेव्हा घरात आडवा झाला होता. त्याचं घोरणं तिला ऐकू येत होतं.

ओली चादर हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. शेडकडे गेली नाही. जुना दांडा आहे, काचेच्या वजनानं सुटत असेल. चादरीचं पाणी तिच्या पायांवर ठिबकत राहिलं.

४

रविवारी चर्च सुटल्यावर फ्लिप गाडी बघायला आला. वयानं मोठा म्हणून गाव त्याला ऊम फ्लिप म्हणायचं, फ्लिपकाका म्हणावं तसं. हॅट हातात धरून त्यानं गाडीभोवती चक्कर मारली. टपावरचा घडीचा तंबू, मागचे भांड्यांचे खण, शेगडी, दुसरी बॅटरी, सगळं उघडून बघितलं.

"काय गं पोरी, गाडी चालवणार कोण? आंधळा की स्वयंपाकीण?"

"स्वयंपाकीण. भंगारवाला आडवा आला तर ओळखता येईल एवढं दिसतं मला."

"आणि ओळखलंस तर?"

"तर वेग वाढवीन."

बारेंद खो खो हसला आणि चाचपडत कॉफीची किटली आणायला आत गेला. तो गेल्याची खात्री करून दोर्का हळूच म्हणाली, "ऊम, ही केबिन कुठून आणली तुम्ही?"

"तिकडे वरून. बारेंदच्या त्या दरीजवळच्या खडीच्या मैदानातून. रस्त्यापासून फार आत होती. का? बघ की पत्रा, कालचा वाटतो."

"मालक कोण होता?"

फ्लिपनं तिनं दिलेल्या तळलेल्या पावाकडे बघितलं. खाल्ला मात्र नाही.

"शहाणा माणूस होता. लहानपणापासून काय शिकवतात आपल्याला? गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. चालत सुटायचं नाही. सावलीत बसायचं, पाणी पुरवून पुरवून प्यायचं, कुणीतरी येतंच. तो बसला."

"मग?"

"मग काय? बसला." फ्लिपनं हॅट डोक्यावर ठेवली. "स्टिअरिंगच्या बाजूला ऊन येत असणार. डावीकडे सरकून बसला होता. फार वर्षं झाली त्याला, पोरी. त्याला रीतसर पुरलंय, पाद्री होता, मी स्वतः उभा होतो. पत्रा तो पत्रा. बारेंदला सांगू नकोस, तो देवभोळा आहे."

बारेंद किटली घेऊन येत होता. "काय कुजबुज चाललीय माझ्या बायकोशी?"

"तिला पळवून नेतोय," ऊम फ्लिप म्हणाला, पण त्याच्या आवाजात गंमत उरली नव्हती.

तो गेल्यावर दोर्कानं कप विसळले. कान तुटलेला कप तिनं तीन-तीनदा घासला. बारेंदला सांगितलं तर काय होईल हे तिला पुरतं ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत तो केबिनचा प्रत्येक बोल्ट काढून टाकेल. मेलेल्या माणसाच्या जागेवर बसून तो कधीच जाणार नाही. मग दुसरी केबिन शोधा, ती बसवा, तोवर उन्हाळा. आणि उन्हाळ्याबरोबर डोळे.

बाहेर बारेंद शीळ वाजवत टपावरचे पट्टे आवळत होता. हात पुसून दोर्का उरलेले पट्टे घेऊन बाहेर गेली.

५

निघायच्या दिवशी शेजारपाजारचे फाटकाशी जमले. सुकवलेल्या मांसाच्या पिशव्या, कडक टोस्टचा डबा, बायबल, सगळं खिडकीतून आत आलं. दोर्का स्टिअरिंगवर बसली. बारेंद डावीकडून चढला, सीटवर हात ठेवून चाचपला, आणि सरकून तिच्या शेजारी मधल्या अरुंद जागेवर बसला. गिअरचा दांडा त्याच्या गुडघ्यांमध्ये आला.

"अरे, इथे कशाला अडचणीत?"

"मग कुठे बसू? तिकडे तू सामान ठेवलंयस ना. गोधड्या का काय त्या."

दोर्कानं त्याच्या पलीकडे बघितलं. सीटवर काही नव्हतं. रिकामी गादी, आणि तिच्यात तो खोलगा.

फाटकाशी लोक हात हलवत होते. कुणीतरी स्तोत्र म्हणायला लागलं होतं.

"हो," ती म्हणाली. "गोधड्या आहेत. बस तिथेच."

पहिले दिवस चांगले गेले. विंडहुक मागे पडलं, डांबरी रस्ता संपला. जिथे थांबतील तिथे बारेंद चूल पेटवायचा, हातानं आच जोखायचा, आणि मांस बरोबर भाजायचा. दिवसा तो समोर मान ताठ ठेवून बसायचा, आपल्या पाइपाएवढ्या नजरेनं रस्त्याचा तुकडा तुकडा गोळा करत. "वारुळ," म्हणायचा. "शहामृग. बघितलंस?" प्रत्येक वेळी त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळायचा. दोर्काला वाटायचं, सांगितलं नाही तेच बरं केलं.

टाकीतलं पाणी रोज मगभर कमी व्हायचं. ती आता त्या नळीकडे बघत नसे.

६

कामान्याब गावाच्या पुढे गुरांच्या मोठमोठ्या वाड्यांमधून रस्ता जातो, आणि रस्त्यावर फाटकं लागतात. फाटक जसं सापडेल तसं मागे ठेवायचं, बंद असेल तर बंद. आणि ते उघडायचं काम डावीकडे बसणाऱ्याचं. हे तिकडे कुणी कुणाला सांगत नाही. डावीकडे बसलेला माणूस गाडी थांबायच्या आधीच दाराच्या कडीला हात घालतो.

पहिल्या फाटकापाशी दोर्का स्वतः उतरली. साखळी काढली, गाडी पलीकडे घेतली, पुन्हा उतरून फाटक लावलं. बारेंदचा जीव कासावीस झाला.

"मी उतरतो की. चाचपून चाचपून लावीन."

"आणि काटेरी तारेवर हात फाडून घेशील. बस."

दुसरं फाटक उतरत्या उन्हात लागलं. दोर्कानं ब्रेक दाबला. त्यांच्याच चाकांची धूळ मागून आली आणि गाडीला गिळून पुढे गेली. समोर काही दिसेना, नुसता तांबूस पडदा. तिनं हँडब्रेक ओढला आणि आपल्या दाराच्या कडीकडे हात नेला.

डावीकडची कडी वाजली.

गाडी त्या बाजूला किंचित वर झाली. स्प्रिंगांचा आवाज झाला, म्हातारं माणूस उठताना कण्हतं तसा. दाराच्या फटीतून धूळ आत आली आणि बारेंद खोकला.

दोर्का हलली नाही. हात कडीवर तसाच. धूळ विरली तेव्हा समोरचं फाटक उघडं होतं. साखळी खांबाला लटकत होती आणि अजून हलत होती.

वारा असेल. फाटक आधीच उघडं असेल, धुळीत दिसलं नसेल. मग आता ते उघडं सापडलं म्हणायचं की बंद? एवढाच प्रश्न तिच्या डोक्यात घोळत राहिला, कारण बाकी कशाचा विचार करायला मन तयार नव्हतं. तिनं गाडी पुढे घेतली. फाटकापलीकडे थांबवावी असं तिला वाटत नव्हतं, तरी पाय आपोआप ब्रेकवर गेला. इतक्या वर्षांची सवय. फाटक लावणाऱ्यासाठी थांबायचं असतं.

आरशात फाटक हळूहळू फिरलं आणि बंद झालं. साखळी खणखणली. मग दार लागलं, आणि गाडी डावीकडे खाली बसली.

"पटकन आलीस," बारेंद म्हणाला.

त्याचा चेहरा समोर होता. दोर्कानं त्याच्या गुडघ्यांमधला दांडा ओढून पहिला गिअर टाकला.

७

दरीच्या तोंडाशी ते मुक्कामाला पोचले. पहाट अजून करड्या रंगाची होती तेव्हा दोर्का तंबूतून खाली आली. बारेंद आधीच गाडीत बसला होता, मधल्या जागेवर, डोळे उघडे. तिनं पाण्याचा मग पुढे केला. त्यानं भलतीकडेच हात नेला.

"दिवा विझला, दोर्के," तो शांतपणे म्हणाला.

"कधी?"

"काल. मला वाटलं सूर्य मावळला."

"आणि सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर तू गाडी वळवली असतीस. आता सांग मला. काय दिसतंय?"

दोर्कानं डोळे पुसले. समोर दरी होती, जन्मभर ऐकलेली. समुद्राकडून धुकं येत होतं.

"धुकं आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"पांढरं."

"वा! एरवी शेजारणीच्या कोंबडीवर तासभर बोलतेस."

ती रडता रडता हसली. "थांब, आधी कॉफी करते. मग नीट सांगते." ती मागे गेली, फळीवर शेगडी मांडली, पाणी ठेवलं. धुकं एव्हाना गाडीपर्यंत आलं होतं. पाण्याला आधण येत होतं आणि पुढून बारेंदचा आवाज येत होता.

"हं. हं... आणि त्याच्या उजवीकडे?... बरोबर, तीच ती!" मग हसणं, मोकळं, किती तरी वर्षांत तिनं न ऐकलेलं. "मग?"

दोर्का कॉफीचा मग घेऊन पुढे आली.

"तो डोंगर अजून तसाच आहे तर," बारेंद म्हणाला. "उंटासारखा, दोन मदारींचा."

तिनं बघितलं. धुक्याशिवाय काही नव्हतं. मग ऊन चढलं, धुकं एका जागी फाटलं, आणि त्यातून एक डोंगर वर आला. एक मदार. थोड्या वेळानं दुसरी.

"बारेंद, मी मागे होते. मी काही सांगितलं नाही तुला."

"ठाऊक आहे मला."

कॉफी तिच्या बोटांवर सांडली.

"तुझे हात मला ओळखता येत नाहीत होय? तुझे हात गरम असतात. ते हात कोरडे होते. शेडमध्ये पहिल्याच दिवशी कळलं मला."

"आणि गप्प राहिलास?"

"तूच आहेस असं दाखवत राहिलो. तू घाबरली असतीस. गाडी विकायला काढली असतीस. मला इथे यायचं होतं गं." त्यानं मान तिच्याकडे वळवली, पण डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. "वाईट नाहीये तो. आणि सांगतो किती छान! दुसरं काही बघितलंच नाहीये त्यानं इतकी वर्षं."

"खाली उतर. चल."

"बसतो थोडं."

"बारेंद, उतर म्हणतेय ना मी!" तिनं त्याचं कोपर धरून ओढलं. तो काही भारी माणूस नव्हता, पण हलेना. पलीकडून कुणीतरी त्याच्या दंडात हात घालून बसलं असावं, असा तो घट्ट होता.

"काय घाई आहे? सावली आहे, पाणी आहे थोडं. पुरवून प्यायलं तर पुरेल." तो समाधानानं हसला. "कुणीतरी येईलच."

८

दोर्का उजवीकडून चढून स्टिअरिंगवर बसली. दार लावलं. किल्ली हातात घेतली, पण फिरवली नाही. गाडी कुठेही नेली तरी डावीकडची सीट बरोबर येणार होती, आणि बारेंद त्या सीटकडे तोंड करून बसलेला असणार होता. आत्ताही त्याची मान हळूहळू तिकडे कलत चालली होती. ओठ जरासे विलग, ऐकत असल्यासारखे.

तिनं जन्मात कुणाला पाण्याविना किंवा जेवणाविना दारातून परत पाठवलं नव्हतं.

"धूळ दिसतेय," ती मोठ्यानं म्हणाली.

बारेंदची मान थांबली. "कुठे?"

"पूर्वेला. लांब आहे अजून." तिचा आवाज तिला स्वतःला परका वाटला. "गाडी आहे. इकडेच वळली. हात केला तर त्यांना दिसेल."

गाडीत सगळं स्तब्ध झालं. तापलेला पत्रा गार होताना टचटच वाजतो, तेवढाही आवाज नव्हता. मग डावीकडे काहीतरी खरखरलं, खूप दिवस न बोललेल्या घशासारखं. दोर्का समोर बघत राहिली. पूर्वेला नुसतं मैदान होतं आणि त्यावर पसरत जाणारं ऊन.

कडी वाजली. दार उघडलं. स्प्रिंगा कण्हल्या आणि गाडी वर झाली. बाहेर खडीवर पावलं पडली, आधी अडखळत, मग भराभर, पूर्वेकडे धावत निघालेली.

बारेंदच्या अंगावरून झेप घेऊन दोर्कानं ते दार ओढून घेतलं, खालची खिट्टी लावली आणि किल्ली फिरवली. मागच्या फळीवरची शेगडी, किटली, मग, सगळं खडखडत खाली पडलं. ती थांबली नाही. गाडी तिनं पश्चिमेला वळवली आणि दरीच्या कडेकडेनं हाणली.

"थांब," बारेंद म्हणाला. "दोर्के, थांब. तो खाली उतरलाय."

दोर्कानं वेग वाढवला.

"अगं, माणूस मागे राहिलाय!"

त्या मुलुखात हात वर केलेला माणूस बघून कुणी गाडी पुढे काढली, असं दोर्कानं कधी ऐकलं नव्हतं. शत्रू असला तरी थांबतात. आरशात धुकं विरलं होतं, ऊन स्वच्छ होतं, आणि खडीच्या मैदानात एक माणूस उभा होता. काटकुळा. धावत येत नव्हता, ओरडत नव्हता. एक हात त्यानं सरळ वर केला होता आणि तो तसाच धरून ठेवला होता.

बारेंदनं अंग वळवून तोंड मागच्या काचेकडे केलं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. दरी, जिच्यासाठी ते एवढ्या लांबून आले होते, खिडकीतून सरकत होती आणि तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

बरंच अंतर मागे पडलं. इंजिन तापल्याचा वास यायला लागला.

"दिसतोय का अजून?" बारेंदनं विचारलं.

दोर्कानं आरशात बघितलं. दोन मदारींचा तो डोंगर लहान होत होत वारुळाएवढा झाला होता. हात वर केलेला माणूस मात्र तेवढाच होता.

"नाही," ती म्हणाली आणि गिअर बदलला.